मागच्या काचेवर आपोआप आलेलं कोरल: हे कोणतं, आणि हलवायचं कसं?

खारंपाणी:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते. हॉलमध्ये ४० गॅलनची रीफ टँक आहे, म्हणजे कोरलं ठेवलेली खाऱ्या पाण्याची, साधारण १५० लिटर, खाली संप (पाणी गाळून परत वर पाठवायची खालची टाकी), मागच्या डाव्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो (वरचं पाणी दातांमधून संपमध्ये सोडणारा डबा). आत सगळी कोरलं सॉफ्ट, म्हणजे मऊ अंगाची, नाहीतर एलपीएस, म्हणजे मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक तोंडवाला जीव) कठीण: झोअँथिड, मशरूम, एक डंकन आणि वरच्या दगडावर एक मोठी टॉर्च. एसपीएस, म्हणजे बारीक पॉलिपचं कठीण कोरल, मी आजवर एकही आणलेलं नाही, म्हणून तर डोकं चक्रावलंय. उन्हाळ्यात मागच्या काचेवर ओव्हरफ्लोच्या दातांच्या जरा खाली एक तपकिरी ठिपका दिसला, वाटलं शेवाळ असेल, मॅग्नेटने घासून बघितलं तर हलेना, म्हटलं राहू दे. आता तो क्वार्टरच्या नाण्याएवढा झालाय, कडेने पांढरट रेघ आहे, मधून करंगळीच्या नखाएवढे तीन-चार कोंब पुढे आलेत आणि त्यावर दिवसासुद्धा बारीक लव दिसते. एक कोंब आता ओव्हरफ्लोच्या दाताला टेकायला आलाय. शिवाय रात्री टॉर्चचे टेंटॅकल, म्हणजे डंख मारणारे तंतू, लांबतात तेव्हा ते याच्यापासून जेमतेम दोन इंचांवर असतात.

तर हे आहे काय, आणि कोरल असेल तर जिवंत ठेवून दुसरीकडे कसं न्यायचं? घासून टाकायचं मनात नाहीये, आपल्या पायांनी घरात आलेला जीव आहे. फोटो जोडलाय.

मासेमित्र:
फोटो पाहिला, सगळं निळं दिसतंय पण मला ऐपटेशियाची, म्हणजे झपाट्याने पसरणाऱ्या उपद्रवी सी ॲनिमोनची, शंका येतेय. एका टँकमध्ये एकाचे बघता बघता शंभर झालेले पाहिलेत. वाढायच्या आत कॅल्कवासरची (चुन्याच्या भुकटीची) घट्ट पेस्ट करून सिरिंजने तोंडावर सोडा, पंप अर्धा तास बंद ठेवा.

फ्रॅगवाला (ह्यूस्टन):
ताई, पेस्ट-बिस्ट काही करू नका अजून! आधी ओळख पटू दे, मारायचं काम कधीही करता येतं. मासेमित्र, तुमची काळजी बरोबर आहे, ऐपटेशिया असेल तर वाट बघून चालत नाही, पण वर्णन जुळत नाहीये. ऐपटेशिया म्हणजे एकटा पॉलिप, मधे एक तोंड, भोवती लांब अर्धपारदर्शक टोकदार टेंटॅकल, आणि धक्का लागला की अख्खाच्या अख्खा भोकात ओढला जातो. मजानो, म्हणजे तसलाच दुसरा उपद्रवी ॲनिमोन, असेल तर टेंटॅकलची टोकं फुगीर असतात. दोन्ही अंगाने मऊच. यांच्याकडे कोंब आलेत, कड पांढरी आहे, आणि मॅग्नेटने घासूनही हललं नाही.

ताई, तीन गोष्टी करा. निळे चॅनल बंद करून फक्त पांढऱ्या लाइटमध्ये फोटो काढा, जमलं तर पंप थांबवून आणि मोबाईल काचेला अगदी काटकोनात धरून, नाहीतर सगळं पसरट येतं. मग बास्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या ड्रॉपरने) त्याच्यावर हलकासा पाण्याचा फवारा मारा आणि काय मिटतं ते बघा, एकच मोठं तोंड मिटतं की पुष्कळ बारीक ठिपके आत जातात. तिसरं, लव आत गेल्यावर प्लास्टिकच्या चमच्याच्या दांड्याने हळूच टेकवून बघा, कडक लागतंय का मऊ. आणि एक अगदी महत्त्वाचं, तुमच्याकडे झोअँथिड आहेत म्हणून सांगतो. टँकमध्ये हात घालताना हातमोजे घाला. झोअँथिडांमधल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असू शकतं, ते १९७१ मध्ये हवाईच्या माउई बेटावरच्या पॅलिथोआतून वेगळं काढलं होतं. असले दगड उकळत्या पाण्यात टाकायचे नाहीत, कोरडे घासायचे नाहीत, वाफेतून त्रास होऊन लोक हॉस्पिटलात गेलेत. काही खरवडताना डोळ्यांवर चष्मा असू द्या.

खारंपाणी:
फ्रॅगवाला, तुमचे फार आभार, हातमोज्यांचं खरंच माहीत नव्हतं, आजच आणते.

सगळं करून बघितलं. फवारा मारल्यावर लव एकदम नाहीशी झाली, पण एक मोठं तोंड वगैरे काही नाही, सगळीकडे बारीक बारीक ठिपके राहिले. खालून दगडासारखं टणक लागतं. पांढऱ्या लाइटमध्ये रंग फिका तपकिरी, टोकांना किंचित हिरवट झाक. कोंबांवर फोड आल्यासारखे उंचवटे आहेत आणि ते ठिपके उंचवट्यांवरही आहेत, मधल्या जागेतही आहेत. नवे फोटो टाकलेत, भिंगातून काढलेला एक आहे, त्यात एका पॉलिपचे टेंटॅकल मोजले, बारा भरले.

मासेमित्र:
नवा फोटो बघून पटलं, हे ऐपटेशिया नाही. पेस्टचं विसरा.

निळाई (गोवा):
भिंगाचा फोटो टाकलात ते फार बरं केलंत! माझा अभ्यासाचा विषय हाच असल्यामुळे जरा लांबण लावते, चालवून घ्या.

हे पॉसिलोपोरा आहे, एक एसपीएस कोरल. अशा बारीक फांद्यांच्या तीन मंडळींमध्ये गल्लत होते, पॉसिलोपोरा, स्टायलोफोरा आणि सेरिअटोपोरा, तिघं एकाच कुळातली. सेरिअटोपोराच्या फांद्या बारीक, टोकाला अणकुचीदार आणि पॉलिपची घरं रांगेत बसलेली, त्याला हौशी लोक बर्ड्स नेस्ट म्हणतात. स्टायलोफोराच्या फांद्या जाड, बोथट, आणि प्रत्येक घरावर वरच्या बाजूने छोटी पडवी काढल्यासारखी कड असते. पॉसिलोपोराची खूण म्हणजे ते फोड, व्हेरुकी म्हणतात त्यांना, आणि पॉलिपची घरं फोडांवर आणि फोडांच्या मधे दोन्हीकडे. तुम्ही न विचारता तेच लिहिलंत. बारा टेंटॅकल आणि दिवसाउजेडी उघडे पॉलिप हेही त्याच्याशी जुळतं.

पुढे जात कोणती, तर फोड लांबून लांबून त्याचीच फांदी होतेय, म्हणजे डॅमिकॉर्निसच्या गटातलं. लिनियसने १७५८ मध्येच याचं वर्णन केलंय, तेव्हा त्याने ते मिलेपोरा नावाच्या दुसऱ्या गटात टाकलं होतं. पण अलीकडे डीएनए तपासल्यावर कळलं की डॅमिकॉर्निस म्हणून जे ओळखलं जायचं त्यातलं बरंचसं अक्युटा नावाची वेगळी जात आहे, आणि ही मंडळी लाइट आणि प्रवाह बघून आकार इतका बदलतात की नुसत्या फोटोवरून शपथ घेऊन सांगणं बरोबर नाही. टँकसाठी दोघांची काळजी सारखीच, तेव्हा पॉसिलोपोरा म्हटलं की पुरे.

खारंपाणी:
निळाई, किती सुंदर समजावलंस गं! फोटो मोठा करून परत फोड बघत बसले होते. पण मग हे आलं कुठून? मी पॉसिलोपोरा विकत घेतलेलं नाही, टँक सुरू केली तेव्हा दगडसुद्धा कोरडे आणले होते.

निळाई:
यात पॉसिलोपोरा हुशार आहे. पुष्कळ कोरलं अंडी आणि शुक्रजंतू पाण्यात सोडतात आणि पुढचं सगळं बाहेर होतं. डॅमिकॉर्निस आणि अक्युटा पॉलिपच्या आत तयार झालेली प्लॅन्युला अळी बाहेर सोडतात, चंद्राच्या कलांनुसार जवळजवळ दर महिन्याला, आणि त्यातल्या बऱ्याच अळ्या तर आईचीच हुबेहूब जनुकं घेऊन आलेल्या असतात, म्हणजे दुसरी वसाहत जवळ नसली तरी अडत नाही. अळी निघते तेव्हाच तिच्या अंगात झूझँथेली, म्हणजे उजेडावर अन्न बनवणारी सूक्ष्म शैवालं, असतात, त्यामुळे उजेड मिळाला की तिचं पोट भरत राहतं. बहुतेक जणी काही दिवसांत चिकटतात, पण प्रयोगात १०० दिवसांहून जास्त तरंगून मग चिकटलेल्याही नोंदल्यात. पॉसिलोपोरा पॅसिफिकभर आणि हिंदी महासागरात एवढं पसरलंय त्यात याचा मोठा वाटा आहे.

दुसरी वाट पॉलिप बेल-आउटची. पाणी बिघडलं किंवा ताण आला की पॉलिप सांगाडा सोडून एकेकटे सुटतात आणि नशीब असेल तर दुसरीकडे बसतात. सॅमार्को या संशोधकाने १९८२ मध्ये सेरिअटोपोरावर हे लिहिलं, पॉसिलोपोरातही ते होतं.

तेव्हा आठवा, कोणाकडून फ्रॅग (कोरलचा लावायला तोडलेला तुकडा), गोगलगायी, कीटोमॉर्फा (संपमध्ये वाढवतात ते शेवाळ), पिशवीतलं पाणी, असं काही आलं होतं का?

खारंपाणी:
आठवलं!! एका मैत्रिणीने संपसाठी कीटोमॉर्फाचा गोळा आणि थोड्या ट्रोकस गोगलगायी दिल्या होत्या, आणि तिच्या टँकमध्ये फुटबॉलएवढं पॉसिलोपोरा आहे. पण तिचं गडद गुलाबी आहे, माझं तपकिरी कसं?

फ्रॅगवाला:
तुमची मागची काच अंधारातली. तिथे उजेड कमी असल्यामुळे झूझँथेली दाट राहतात आणि सगळं तपकिरी दिसतं. गुलाबी पिगमेंट जोरदार लाइटखाली चढतं. तिचंच पिल्लू असेल तर पुढे चांगल्या जागी बसल्यावर हळूहळू रंग बदलेल, पण गुलाबी व्हावं म्हणून एकदम लाइट वाढवू नका. नायट्रेट, फॉस्फेट किती आहे?

खारंपाणी:
नायट्रेट १० च्या आसपास, फॉस्फेट ०.०८. अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) ८.३ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, खारटपणा ३५ पीपीटी, तापमान २५.५.

फ्रॅगवाला:
मग पॉसिलोपोराने स्वतःहून बस्तान बसवलं यात नवल नाही, एसपीएसला याहून वेगळं काही लागत नाही. फक्त अल्कलिनिटी एका दिवसात वरखाली होऊ देऊ नका.

सिंगापुरी_रीफ:
उशिरा येतोय. माझं मत थोडं वेगळं आहे, हलवायलाच हवं का? माझ्या मागच्या काचेवर पॉसिलोपोराच्या अशा आपोआप आलेल्या वसाहती आहेत आणि मला तर टँकमधला तोच भाग सगळ्यात आवडतो. त्याने जागा स्वतः निवडलीय, पाण्याचा प्रवाह त्याला तिथे रुचलाय. काचेवरची पॉसिलोपोरा सोलताना बुड फुटतं, कारण ते काचेवर पापुद्र्यासारखं पातळ पसरलेलं असतं. फायद्यापेक्षा धोका जास्त.

फ्रॅगवाला:
साध्या काचेवर असतं तर मीही हेच म्हणालो असतो, राहू द्या म्हणून. इथे दोन अडचणी आहेत. ओव्हरफ्लोचे दात. ते कोरलने बुजत गेले की टँकमधलं पाणी वर चढत जातं, संप रिकामा होतो, रिटर्न पंप हवा ओढायला लागतो, आणि अपार्टमेंट असेल तर खालच्या मजल्यावरच्यांचं छत भिजतं. ही गोष्ट पुढे ढकलण्यासारखी नाही. आणि टॉर्चचा डंख. तिचे टेंटॅकल लागले तर पॉसिलोपोरा एका रात्रीत पांढरं होईल.

सिंगापुरी_रीफ:
ओव्हरफ्लोचा मुद्दा मान्य. टॉर्च हलवता येईल, दात हलवता येणार नाहीत. मग हलवाच, आणि आता हलवा, फांद्या लांबल्या की हाताळताना जास्त तुटतात.

मासेमित्र:
अजून थोडं मोठं होऊ द्यावं असं नाही का? लहान तुकडा जगायची शक्यता कमी असते ना?

सिंगापुरी_रीफ:
अगदी दाण्याएवढं असतं तर थांबा म्हटलं असतं. क्वार्टरएवढं आणि कोंब फुटलेलं म्हणजे पुरेसं आहे. पॉसिलोपोराचं बोटाच्या पेराएवढं फ्रॅगसुद्धा छान धरतं.

खारंपाणी:
ठरलं तर. पण कसं करायचं ते मला पायरी पायरीने सांगा, टँक काचेची आहे, ॲक्रिलिकची नाही.

फ्रॅगवाला:
काचेची आहे हे उत्तम, ॲक्रिलिकवर ब्लेड लावलं की कायमचे ओरखडे, तिथे प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं क्रेडिट कार्ड वापरावं लागतं. ओव्हरफ्लोचा डबा मात्र प्लास्टिकचा असणार, तिथे ब्लेड नाही.

आधी तयारी, मग हात ओला करा. सिरॅमिकचे दोन-तीन फ्रॅग प्लग (तुकडा चिकटवायच्या छोट्या चकत्या) टँकच्या पाण्यात भिजवून ठेवा, एका भांड्यात टँकचंच पाणी, जेलवालं सुपरग्लू, म्हणजे लेबलवर सायनोॲक्रिलेट लिहिलेलं असतं ते, पातळ नको, पाण्यात वाहून जातं. कोरं सिंगल-एज ब्लेड आणि लांब दांड्याचं स्क्रॅपर. बारीक जाळी एक. नवी जागा आधीच ठरवा, मधल्या उंचीवर, प्रवाह चांगला पण एकाच दिशेने तोंडावर मारा नको, आणि टॉर्चपासून वीतभर तरी लांब. पारचं, म्हणजे कोरलच्या उपयोगाचा उजेड मोजायचं, मीटर असेल तर १५० ते २०० ची जागा बघा, नसेल तर सुरुवातीला जितका उजेड काचेवर होता साधारण तितकाच द्या.

मग रिटर्न पंप आणि वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) बंद. पाणी उतरून हीटर उघडा पडत असेल तर तोही बंद. चष्मा, हातमोजे. जाळी खाली धरायला घरातलं कोणीतरी उभं करा, एकट्याने हे धड होत नाही. ब्लेड काचेला जवळजवळ चिकटवून, खालून वर, पांढऱ्या कडेच्या अगदी बाहेरून सुरू करा आणि एका दमात रेटा. मधे मधे थांबून टोचत बसलात की भुगा होतो. कोपऱ्यातला सिलिकॉनचा जोड असेल तिकडे ब्लेड अजिबात नेऊ नका, तिथे कोरल राहिलं तर राहू दे, सील कापलं गेलं तर टँकच जाईल.

निघालेलं बुड बहुतेक दोन-तीन तुकड्यांत येईल. घाबरू नका, ज्या तुकड्यावर जिवंत कातडी आहे तो प्रत्येक तुकडा चिकटवा. काचेवर उरलेलं तसंच ठेवा, किंवा दातांजवळ असेल तर तेवढंच काढा. तुकडा फांदीने नाही, बुडाने धरा. प्लग पाण्याबाहेर काढून वरचं पाणी टिपा, वाटाण्याएवढं जेल लावा, कोरल हलकं दाबा, अर्धा मिनिट, मग भांड्यातल्या पाण्यात बुडवा, ओलाव्याने ग्लू लगेच आवळतं. पाण्याबाहेर चार-पाच मिनिटं राहिलं तर काही होत नाही, ओहोटीला रीफवरची कोरलं त्याहून जास्त वेळ उघडी असतात. चिकट शेंबडासारखं सोडेल, ते भांड्यात हलवून धुऊन टाका, ते पाणी टँकमध्ये ओतू नका.

शेवटी पंप सुरू केलेत का ते दोनदा बघा.

निळाई:
यात एकच भर घालते. चिकटवताना कोंब काचेवर होते तसे आडवे ठेवायचा हट्ट नको, उभे केले तरी चालतात, नव्या वाढीच्या फांद्या उजेड बघून वळतात. आणि पहिले एक-दोन दिवस पॉलिप बंद राहिले तर हात लावून, फुंकर मारून, जागा बदलून बघू नका. एका जागी ठेवलेलं पॉसिलोपोरा सावरतं, सारखं हलवलेलं सावरत नाही.

ताम्हिणी (पुणे):
वाचूनच मन भरून आलं. मी पुण्यात गोड्या पाण्याची टँक ठेवतो, आता समुद्री करायची इच्छा झालीय. पॉसिलोपोरासारखं कोरल पुण्या-मुंबईत कुठे मिळेल? मालवणला खडकांवर दिसतात तसले छोटे तुकडे आणता येतात का?

वरळीकर:
ताम्हिणी, कृपा करून मालवणहून काही उचलू नका. आपल्याकडे सगळी कठीण कोरलं, काळी कोरलं आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडा किनाऱ्यावरून उचलून आणणं हाही गुन्हाच धरला जातो. मालवणचा तो भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दुकानात कोणी ‘बाहेरून आणलंय’ म्हणून दिलं तरी कठीण कोरलांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला सायटीसची, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या कराराची, कागदपत्रं लागतात, कागद नसतील तर घेऊ नका.

हलवणं किती गंभीरपणे घेतलं जातं त्याचं आमच्या दारातलं उदाहरण सांगतो. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर कोरलच्या १८ वसाहती होत्या. २०२० मध्ये वनखात्याची रीतसर परवानगी काढून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी त्या कुलाब्याला नेव्ही नगरच्या बाजूला नेल्या. मुंबईच्या त्या गढूळ पाण्यात कोरल आहे हेच कित्येकांना तेव्हा कळलं. मी लहानपणापासून त्याच खडकांवर कालवं वेचणाऱ्या बायका बघत आलोय, मलाही माहीत नव्हतं.

समुद्री टँक जरूर करा, टँकमध्येच पैदास केलेले क्लाउनफिश घ्या, दगड कृत्रिम मिळतात. त्यातही खूप शिकायला मिळतं.

ताम्हिणी:
वरळीकर, हे काहीच ठाऊक नव्हतं, बरं झालं विचारलं. क्लाउनपासूनच सुरुवात करतो.

खारंपाणी:
मंडळी, झालं एकदाचं! शनिवारी सकाळी नवऱ्याने जाळी धरली आणि मी ब्लेड. बुडाचे तीन तुकडे झाले, मोठ्यावर तीन कोंब आहेत, मधल्यावर एक, आणि तिसरा नुसता चपटा पापुद्रा. तिन्ही वेगवेगळ्या प्लगवर लावले. ओव्हरफ्लोचे दात आता पूर्ण मोकळे आहेत, फक्त सिलिकॉनजवळ दाण्याएवढं राहिलंय ते तुमच्या सांगण्याप्रमाणे सोडून दिलं. रविवारपर्यंत सगळे मिटून बसले होते, सोमवारी संध्याकाळी मोठ्यावरची लव परत बाहेर आली, तेव्हा आम्ही दोघं जेवण सोडून टँकपाशी उभे होतो. एक विचारायचंय, ग्लू पांढरं पडलंय आणि त्याच्या कडेने कोरल जरा फिकट दिसतंय, ते ठीक आहे ना?

फ्रॅगवाला:
वा! ग्लू पांढरं पडणारच, काही महिन्यांत कोरलाईन, म्हणजे दगडासारखं कडक शेवाळ, त्यावर चढते. फिकटपणा बुडाला अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत असेल आणि पुढे सरकत नसेल तर ती ब्लेडची जखम आहे, भरून येते. बुडापासून वर वर कातडी सोलत चालली आणि खाली स्वच्छ पांढरा सांगाडा दिसायला लागला तरच लगेच लिहा, तेव्हा वरचा चांगला कोंब तोडून वेगळा लावावा लागतो.

खारंपाणी:
महिनाभराने लिहितेय. मोठा आणि मधला तुकडा झकास आहेत, प्लगवर पांढरी कड पसरायला लागलीय, म्हणजे बूड नव्याने धरलं ना? टोकांना गुलाबीची झाक येतेय असं मला वाटतं, नवरा म्हणतो लाइटमुळे. पापुद्र्यावाला तुकडा मात्र गेला, तिसऱ्या आठवड्यात पूर्ण पांढरा झाला. मैत्रिणीला फोटो पाठवले, ती म्हणाली तिच्याच टँकचं नातवंड आहे, मधला तुकडा तिला द्यायचा ठरलाय.

दोन नवे प्रश्न. अल्कलिनिटी आठवड्याला ८.३ वरून ७.६ वर यायला लागलीय, आधी इतकी पडत नव्हती. आणि संप साफ करताना रिटर्न पंपाच्या जाळीवर अजून एक तसलाच ठिपका दिसलाय, तीळाएवढा.

निळाई:
पांढरी कड म्हणजे नवी वाढ, हो. तुकडा गेल्याचं वाईट वाटलं, पण इतक्या पातळ बुडाला आधार फारच कमी होता.

फ्रॅगवाला:
अल्कलिनिटीचं असं, एवढ्याशा पॉसिलोपोराने एकट्याने इतकी उतरणार नाही, कोरलाईन आणि टॉर्चही वाढत असणार. आठवड्याला एकदा पाणी बदलून भागत असेल तर तेवढंच करा, नाहीतर अल्कलिनिटी वाढवणारं द्रावण रोज थोडं थोडं डोस करा, पण ८.३ वर एका दिवसात न्यायला जाऊ नका, दिवसाला अर्धा डीकेएचच्या आत ठेवा. टेस्ट दर दोन दिवसांनी, एकाच वेळी.

पंपाचा ठिपका आत्ता राहू द्या, तिळाएवढं सोलता येत नाही. पंप व्हिनेगरमध्ये धुवायची वेळ येईल तेव्हा जाळी काढून टँकच्या पाण्याच्या भांड्यात वेगळी ठेवा आणि फक्त पंपाचं अंग व्हिनेगरमध्ये बुडवा. वाटाण्याएवढं झालं की जाळीचा तो तुकडाच कापून प्लगवर लावा आणि पंपाला नवी जाळी बसवा, दोन-तीन डॉलरला मिळते.